परावर्तक चष्मा की नक्षीदार फ्रेम?

कॅसिनोतील कॅमेऱ्यांना जोडलेल्या, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेला खेळाडूने चकवायचे, तर कोणता चष्मा बरा? यासाठी दोन प्रकारचे चष्मे चर्चेत असतात. पहिल्याची फ्रेम अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे कॅमेरा स्वतःच तसा प्रकाश सोडत असेल, तर चित्रात डोळ्यांभोवती पांढरा झोत उमटतो आणि चेहऱ्याची ठेवण टिपता येत नाही. कॅसिनोतील टेबले मात्र लख्ख उजळलेली असतात, आणि रंगीत चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर बहुधा असतोच, म्हणून तिथे हा चष्मा फारसे काही साधत नाही.

दुसरा प्रकार रंगीबेरंगी नक्षी छापलेल्या फ्रेमचा. अशी फ्रेम घातलेल्या माणसाला संगणक भलतीच व्यक्ती समजू शकतो, हे कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. युक्ती म्हणून ही मला अधिक चतुर वाटते. पण ती नक्षी एका विशिष्ट प्रणालीचे अंतरंग जाणून, ठरावीक चेहऱ्यासाठी बेतलेली होती, आणि कॅसिनो कोणती प्रणाली वापरतो हे खेळाडूला कुठून कळणार? शिवाय पडद्यांसमोर बसलेल्या निरीक्षकाच्या नजरेत असली भडक फ्रेम चटकन भरते. निवडायचेच झाले, तर अवरक्त दिव्यांचे कॅमेरे असलेल्या अंधाऱ्या वाहनतळापुरता मी पहिला चष्मा पसंत करेन. टेबलापाशी दोन्ही जवळपास सारखेच निरुपयोगी.