सतराव्या पानावरचा डोळा : माझ्या कॉमिकची आणि माझी फसवणूक

मी जळगावला राहते, एका शाळेत चित्रकला शिकवते आणि स्वतःच्या खर्चाने कॉमिक काढते. पहिला अंक डिसेंबर २०२३ मध्ये छापला. त्या अंकाच्या बाबतीत माझी जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच, की धुळे, मालेगाव आणि नाशिक येथील आणखी किमान तीन चित्रकार त्याच माणसाकडून तशाच रीतीने फसले आहेत, आणि तो माणूस अजूनही नव्या चित्रकारांच्या शोधात फिरतो आहे.

कॉमिकची गोष्ट एरंडोल तालुक्यातल्या फरकांडे येथील झुलत्या मनोऱ्यांभोवती रचलेली आहे. एक मनोरा हलवला की दुसराही हलतो, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ते खरे की खोटे हे स्वतः पाहायला निघालेली एक मुलगी आणि तिची आजी, एवढीच पात्रे. निवेदन प्रमाण मराठीत आणि आजीचे सगळे संवाद अहिराणीत ठेवले होते. ३२ पृष्ठे, म्हणजे सोळा पृष्ठांचे दोन फर्मे, आत मॅपलिथो कागदावर काळी-पांढरी छपाई, वर रंगीत आर्ट कार्डाचे कव्हर, मध्ये दोन पिना आणि किंमत ८० रुपये. पाचशे प्रतींना १९,५०० रुपये खर्च आला. माझ्यासारखीला एवढ्या प्रती विकता येणार नाहीत हे ठाऊक असूनही पाचशे छापल्या, कारण ऑफसेटवर प्लेटचा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि पाचशेलाही तेवढाच असतो. शंभरच छापल्या असत्या तर एका प्रतीची किंमत कुणाला सांगण्याजोगी राहिली नसती. आता डिजिटल छपाईवर पन्नास प्रतीही निघतात, मात्र प्रत महाग पडते. पाचशे प्रती घरात येऊन पडल्या की त्या बाहेर काढण्याची जी घाई माणसाला होते, त्या घाईतच पुढचे सगळे घडले.

प्रती घरी आल्या त्याच संध्याकाळी माझ्या आजीने अंक हातात घेतला आणि सतराव्या पानावर थांबली. तिथे गोष्टीतली आजी नातीला म्हणते, ‘तुना डोळा लवी ऱ्हायना.’ आजी म्हणाली, ‘आपन डोया म्हनतस.’ तिचे बरोबर होते. ‘ळ’चा ‘य’ होणे ही आमच्या बोलीची ओळख आहे. केळीला केयी, काळ्याला काया म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘डोळा’ येत नाही, आणि संपूर्ण अंकात नेमका तेवढाच एक शब्द शाळेतल्या सवयीने माझ्या हातून चुकला होता. पुढच्या चार रात्री मी पाचशे प्रती उघडून प्रत्येक फुग्यातला ‘ळ’ व्हाइटनरने झाकला आणि वाळल्यावर बारीक निबच्या पेनाने त्यावर ‘य’ लिहिला. काना तसाच राहिला. जवळून पाहिले तर तो ‘य’ शेजारच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड दिसतो आणि त्याखालचा कागद खरखरीत लागतो. फाइलमध्ये मात्र मी दुरुस्ती केली नाही. दुसरी आवृत्ती काढताना करू, असे म्हणून ते काम राहून गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या परिसरात ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. मी तिथे स्टॉल घेतला नव्हता; पिशवीत तीस प्रती घेऊन ओळखीच्यांना दाखवत फिरत होते. संमेलनाचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही, फक्त ते गृहस्थ मला तिथे भेटले. त्यांनी दोन प्रती पूर्ण किमतीने विकत घेतल्या, उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचल्या आणि म्हणाले, ‘ताई, हाई आपली भाषा शे.’ मूळ शिरपूरकडचे, आता पुण्यात राहतो, लहान चित्रकारांची कॉमिक मोठ्या कॉमिक संमेलनांत टेबल लावून विकतो, असे त्यांनी सांगितले. आपल्या बोलीतले काम इतक्या आस्थेने वाचणारा माणूस आपल्याला लुबाडील हे माझ्या मनातही आले नाही. त्या एका वाक्यावर मी पुढचे दहा महिने विश्वास ठेवला, म्हणून ते इथे जसेच्या तसे लिहिले आहे.

अशा मध्यस्थाची गरज का भासते, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. आपल्या देशात कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि पुढे इतर मोठ्या शहरांतही अशी संमेलने भरू लागली. तिथे हजारो वाचक केवळ कॉमिकसाठी येतात, जे आमच्याकडच्या कुठल्याही ग्रंथप्रदर्शनात होत नाही. परंतु टेबलाचे भाडे, जळगावहून प्रतींचे खोके नेण्याचा खर्च, दोन-तीन दिवसांचे राहणे आणि शाळेतून रजा, हे सगळे ८० रुपयांच्या पुस्तकावर कधीच सुटत नाही. म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक टेबल घेणे ही सर्रास रीत आहे, आणि ती मुळात चांगली रीत आहे. फसवणूक झाली ती या रीतीचा आडोसा घेऊन.

मार्चमध्ये मी त्यांना तीनशे प्रती दिल्या. विक्रीनंतर निम्मी रक्कम त्यांची आणि निम्मी माझी, असे तोंडी ठरले. चिठ्ठी नाही, चलन (माल दिल्याची पावती) नाही, सही नाही. एप्रिलच्या शेवटी ४१ प्रती विकल्या गेल्याचा निरोप आला आणि त्याबरोबर माझ्या खात्यात १,६४० रुपये जमा झाले. त्यांनी मला दिलेली ही पहिली आणि शेवटची रक्कम. आज मला स्पष्ट दिसते की ते १,६४० रुपये पुढचे मागण्यासाठीच टाकले होते.

जुलैमध्ये त्यांनी सांगितले की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नसलेले पुस्तक मोठ्या ठिकाणी ठेवू देत नाहीत. नोंदणीचे ३,५०० रुपये पाठवा, बारकोडचे स्टिकर आम्ही प्रतींवर लावू. मी पाठवले. प्रत्यक्षात आपल्या देशात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो, लेखक स्वतः प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करू शकतो आणि त्याला शुल्क लागत नाही. मला दिलेला क्रमांक ९७८-९३ ने सुरू होत होता, म्हणजे वरवर भारतीयच वाटत होता. तो खरा आहे का हे कुणालाही कागद-पेनाने तपासता येते, पण ती रीत मला फार उशिरा कळली. तेरा अंकांपैकी पहिल्याला एकने, दुसऱ्याला तीनने, तिसऱ्याला पुन्हा एकने, असे आळीपाळीने गुणत जावे आणि सगळ्यांची बेरीज करावी. तिला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. माझी बेरीज ११७ आली. क्रमांक मनाने रचलेला होता.

ऑगस्टमध्ये त्यांनी फाइल मागितली. टेबलावर टॅबलेट ठेवून येणाऱ्यांना काही पाने दाखवायची आहेत, असे कारण दिले. मी चार-पाच पानांची लहान चित्रे पाठवायला हवी होती. मी प्रेसला दिलेली संपूर्ण पीडीएफ, कव्हरसकट, पाठवून दिली आणि खाली लिहिले, ‘ठीक आहे, वापरा.’ ऑक्टोबरमध्ये डिसेंबरच्या कॉमिक संमेलनातील टेबलाचा चौथा हिस्सा म्हणून ४,५०० रुपये मागितले, तेही दिले. डिसेंबरमध्ये एक फोटो आला. टेबल, त्यावर माझ्या अंकाची बऱ्यापैकी उंच चळत आणि मागे गर्दी. तो फोटो मी शाळेत सगळ्यांना दाखवला होता. त्यानंतर मात्र फोन उचलणे कमी होत गेले. हिशेब करतो आहे, प्रती गोदामात आहेत, घरी आजारपण आहे, अशी कारणे मार्चपर्यंत चालली.

२०२५ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती. पुण्यात शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी सणाला गावी आला आणि अभिमानाने माझाच अंक माझ्याकडे सहीसाठी घेऊन आला. डिसेंबरच्या संमेलनात त्याने तो पूर्ण किमतीला विकत घेतला होता. सही करण्यासाठी मी अंक हातात घेतला आणि कव्हर नेहमीपेक्षा पातळ लागले. मी सतरावे पान उघडले. ‘तुना डोळा लवी ऱ्हायना.’ व्हाइटनर नाही, खरखरीत जागा नाही, छापील स्वच्छ ‘ळ’. माझ्या घरातून बाहेर पडलेल्या एकाही प्रतीत तो ‘ळ’ असणे शक्य नव्हते. मग शेवटचे पान पाहिले. तिथे पुढचा अंक मागवण्यासाठी मी माझ्या खात्याचा क्यूआर कोड छापला होता. त्याच जागी, त्याच चौकटीत दुसराच कोड होता. स्कॅन केल्यावर त्या गृहस्थांचे नाव आले. माझ्या फाइलवरून त्यांनी स्वतः प्रती छापल्या होत्या, आणि पुढच्या अंकासाठी वाचकांनी आगाऊ भरलेले पैसेही त्यांच्याच खात्यात जात होते. ते वाचक आजही माझ्याकडून अंक येण्याची वाट पाहत असतील, आणि मला सर्वाधिक सलते ते हेच.

संमेलनाच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा ते टेबल एकट्या त्यांच्या नावावर घेतलेले असल्याचे कळले. फोटोत माझ्या अंकाशेजारी ज्यांची पुस्तके दिसत होती त्यांना मी शोधून काढले. धुळ्याच्या मुलाने ४,५०० भरले होते, मालेगावच्या चित्रकाराने ४,५००, नाशिकच्या ताईंनीही ४,५००. प्रत्येकाला आपण चौथा हिस्सा भरतो आहोत असेच सांगितलेले होते. टेबलावर मात्र निदान सात जणांची पुस्तके दिसत होती.

माझे स्वतःचे हिशेबी नुकसान १८,०६० रुपये आहे : तीनशे प्रतींचा छपाई खर्च ११,७००, आयएसबीएनचे ३,५०० आणि टेबलाचे ४,५०० मिळून १९,७०० होतात, त्यातून मिळालेले १,६४० वजा केले. त्यांनी छापलेल्या प्रती यात धरलेल्या नाहीत, कारण त्या किती आहेत हे मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही.

आधी मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार नोंदली गेली, परंतु पैसे गेल्यानंतर लगेच फोन केला तरच समोरच्या खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता असते. माझ्या शेवटच्या रकमेला सहा महिने उलटून गेले होते. त्यानंतर वकिलांकडे गेले. त्यांनी समजावले की चित्रकथेवरचा कॉपीराइट ती निर्माण झाल्याबरोबर निर्माणकर्त्याकडे येतो, त्यासाठी नोंदणी असावीच लागते असे नाही, आणि १९५७ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो सहीनिशी लेखीच द्यावा लागतो. मी कशावरही सही केलेली नव्हती, हे माझ्या पथ्यावर पडले. त्यांना काळजी वाटली ती माझ्या ‘ठीक आहे, वापरा’ या निरोपाची. छापण्याची परवानगी होती, असा अर्थ समोरचा पक्ष त्यातून काढू पाहील, असे ते म्हणाले. म्हणून त्याच्या आधीचा, टॅबलेटवर पाने दाखवण्याविषयीचा निरोप आम्ही तारखेसकट तक्रारीला जोडला. तो मी खोडला नव्हता हे नशीब. तुमच्याही फोनमध्ये असे निरोप असतील तर ते कृपया खोडू नका, आणि फाइल पाठवताना ती कशासाठी आहे हे त्याच निरोपात पूर्ण वाक्यात लिहा.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी हा दिवाणी वाद आहे, न्यायालयात जा, असे सांगण्यात आले. वकिलांनी सोबत आणलेल्या निकालात, कलम ६३ खालील कॉपीराइटचा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवून घेण्याजोगा, असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच स्पष्ट केलेले आहे. तरीही अधिकाऱ्यांना गोष्ट पटली ती निकालाने नव्हे. मी टेबलावर दोन अंक सतराव्या पानावर उघडून शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी ‘डोया’वरून बोट फिरवले, मग ‘डोळा’वरून फिरवले, आणि तक्रार लिहून घ्यायला सांगितले.

पोलिसांकडून त्या गृहस्थांना फोन गेल्यानंतर आठवड्याभरात माझ्या पत्त्यावर एक खोके आले. आत ६२ प्रती होत्या आणि उरलेला माल परत करत असल्याची एका ओळीची चिठ्ठी होती. पैसे नव्हते. मी आणि आजीने जमिनीवर बसून एकेक प्रत सतराव्या पानावर उघडली. एकोणीस प्रतींत ‘डोया’ होता आणि त्रेचाळीस प्रतींत ‘डोळा’. म्हणजे परत केलेल्या मालातही बहुतेक त्यांनीच छापलेल्या प्रती होत्या. त्या त्रेचाळीस मी वेगळ्या बांधून, वर तारीख घालून पोलिसांकडे जमा केल्या आहेत. तपास चालू आहे.

दुसऱ्या अंकाच्या चाळीसच प्रती काढल्या आहेत, डिजिटलवर. दुकानात ठेवायला देते तेव्हा कार्बन घालून दोन प्रतींत चलन करते, संख्या अंकी आणि अक्षरी लिहिते आणि घेणाऱ्याची सही घेते; आतापर्यंत एकाही दुकानदाराने त्याचा राग मानलेला नाही. फाइल प्रेसशिवाय कुणालाही देत नाही.

ज्या वाचकांकडे झुलत्या मनोऱ्यांचा हा अंक असेल त्यांनी सतरावे पान अवश्य पाहावे. तिथे छापील ‘डोळा’ असेल तर प्रत टाकून न देता जपून ठेवावी, सतराव्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढावा, आणि त्या कोडवर पैसे भरले असतील तर त्याची तारीख व रक्कम लिहून ठेवावी. दुसऱ्या अंकात माझा खरा पत्ता छापलेला आहे, त्यावर ते पाठवावे. ज्यांनी पैसे भरल्याचे दिसेल त्या प्रत्येकाला दुसरा अंक मी माझ्याकडून पाठवणार आहे.