पसरलेल्या फुप्फुस-नेटसाठी ट्यूमर बोर्ड: निदान चोख, पुढची पाठराखण ढिली

उत्तर गोव्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या ट्यूमर बोर्डबद्दल (कर्करोगाचे उपचार मिळून ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाबद्दल) हे लिहितो आहोत, तेही फक्त फुप्फुसाच्या पसरलेल्या न्यूरोएन्डोक्राइन गाठींपुरतं, म्हणजे संप्रेरकं बनवू शकणाऱ्या पेशींच्या गाठींपुरतं; त्यांनाच थोडक्यात 'नेट' म्हणतात.

इथला पॅथॉलॉजिस्ट हीच खरी जमेची बाजू. अहवालात नुसतं 'नेट' लिहिलेलं चालत नाही, पेशीविभाजनं पुन्हा मोजली जातात. २ चौरस मिलिमीटरमध्ये २ पेक्षा कमी आणि नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) नाही, तर टिपिकल कार्सिनॉइड, म्हणजे सर्वांत संथ प्रकार. २ ते १० किंवा नेक्रोसिस असेल, तर एटिपिकल. १०च्या वर गेलं की लार्ज सेल किंवा स्मॉल सेल हे आक्रमक कर्करोग, आणि उपचारांची वाटच बदलते. सुईच्या बारीक तुकड्यात पेशी चुरगळतात आणि साधं कार्सिनॉइड स्मॉल सेलसारखं दिसू लागतं. केआय-६७ (किती पेशी वाढीला लागल्यात याचं माप) कमी आला तर ही गफलत पकडता येते. म्हणून स्लाइडसोबत ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) न्या.

स्कॅनबाबतही समज चांगली आहे. नेटच्या पेशींवरचे सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर दाखवणाऱ्या गॅलियम डोटाटेट स्कॅनसोबत, गाठ एटिपिकल असल्यास, साखर जास्त खाणाऱ्या पेशी दाखवणारा एफडीजी पेटही मागवतात. डोटाटेटवर उजळणारी, संथ वाढणारी गाठ असेल तर ऑक्ट्रिओटाइड एलएआर (हळूहळू काम करणारं संप्रेरकासारखं इंजेक्शन), दर ४ आठवड्यांनी. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरना पैकीच्या पैकी गुण: किट फ्रिजमधून काढून अर्धा-एक तास बाहेर ठेवतात, कालवल्याबरोबर टोचतात. एरवी औषध तळाशी बसतं, सुई तुंबते आणि महागडा डोस वाया जातो.

लघवीच्या ५-एचआयएए तपासणीचा (गाठीतून सुटणाऱ्या सेरोटोनिनचा अंदाज देणाऱ्या) सूचनाकागद मात्र परदेशी छापाचा. अॅव्होकाडो आहे, केळ्याचा पत्ता नाही! तीन दिवस मयड्याची केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद हवेत. क्रोमोग्रॅनिन या रक्ततपासणीसाठी पॅन्टोप्राझोल हे आम्लपित्ताचं औषधही साधारण दोन आठवडे थांबवावं लागतं, डॉक्टरांना विचारून. नाहीतर आकडा फुगतो आणि आजार वाढल्याचा नाहक धसका बसतो.

खरी उणीव पुढे आहे. बोर्डात छातीचे डॉक्टर बसत नाहीत. गाठ वाढली की एव्हरोलिमस ही गोळी, रोज १० मिलिग्रॅम. रेडियंट-४ चाचणीत त्याने आजार मध्यक (मीडियन) हिशेबाने ११ महिने थोपवला, प्लासिबोने (औषध नसलेल्या गोळीने) ३.९. पण याच औषधाने फुप्फुसाला सूज (न्यूमोनायटिस) येऊ शकते. पावसाळ्यातला कोरडा खोकला हवेवर ढकलून चालत नाही. तो संसर्ग की न्यूमोनायटिस, हे कुणी ठरवायचं? साखर आणि तोंडातले छाले यांवरही लक्ष हवं. लाली, जुलाब, घरघर असेल तर हृदयाचा इको हवा, तोही आठवण करून दिल्यावरच होतो.

ल्युटेशियमसाठी, म्हणजे गाठीवर नेम धरणाऱ्या किरणोत्सारी इंजेक्शनसाठी, मुंबईला पाठवतात. ७.४ गिगाबेकरेलचे साधारण ४ डोस, ८ आठवड्यांच्या अंतराने, मूत्रपिंडं जपायला अमिनो आम्लांची सलाइन. मोठ्या मान्यता पोटातल्या नेटवर आधारलेल्या आहेत, फुप्फुसासाठी पुरावा तोकडा. हे रुग्णाला सांगायला हवं, ते सांगत नाहीत. शेवटच्या एलएआरची तारीखही पत्रात नसते, आणि ल्युटेशियमआधी किमान ४ आठवड्यांचं अंतर लागतं. तारीख हुकली की मडगावहून गाडीने केलेली फेरी फुकट जाते.

बोर्डाची सही असलेली टिपण मागून घ्या. कार्सिनॉइड सिंड्रोम (गाठीच्या स्रावांमुळे लाली, जुलाब, घरघर) असेल तर ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेतली दुर्बीण तपासणी) वा शस्त्रक्रियेआधी ऑक्ट्रिओटाइड लागेल, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी त्यात लिहून घ्या. आपणहून ते कुणी लिहीत नाही.