चौतीस तारांची लिव्हर हार्प, सोलापुरात नऊ महिने

मे महिन्यात रात्री पावणेदोनला हॉलमधून 'ठाण्ण' असा आवाज आला. आई दचकून उठली, मी आधी गॅस बघायला धावलो. हार्पची, म्हणजे बोटांनी छेडायच्या उभ्या पाश्चात्त्य तंतुवाद्याची, तार तुटली होती. मधल्या सप्तकातली लाल, म्हणजे पाश्चात्त्य 'सी' सुराची. पंधरा दिवसांतली चौथी.

गड्डा यात्रा उरकल्यावर, फेब्रुवारीत, मुलीसाठी ही सेकंडहँड घेतली. लाकूड, आवाज, लिव्हर (तारेचा सूर बदलायची खटकी), कशालाच नाव ठेवायला जागा नाही. कव्हर मिळालं नाही, म्हणून आपली सोलापुरी चादर गुंडाळतो आणि ती कुठल्याही कव्हरपेक्षा बरी. पण तारा! वरच्या नायलॉनच्या कधी गेल्या नाहीत. मधल्या तातीच्या, त्याच जातात. (आतड्याची तात देवघराशेजारच्या हॉलमध्ये आहे हे आईला अजून सांगितलेलं नाही.) तार नऊशेची, कुरिअर अकराशेचं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, 'तुमच्याकडचं हवामानच तसं.' म्हणजे सोलापूरकरांनी हार्प वाजवूच नये? इथवर मी रेटिंगमध्ये पाचपैकी एकच स्टार देणार होतो.

मग मुलीने एक गोष्ट दाखवली. रात्री नीट लावलेली हार्प सकाळी चढलेली असायची, उतरलेली नाही. मिरजेच्या एका तंबोरा कारागिरांना फोनवर विचारलं. त्यांनी हार्प कधी पाहिलेली नाही, पण पहिलाच प्रश्न, 'कूलरपुढे ठेवता काय?' ठेवत होतो. कूलरची ओली हवा तात शोषते, फुगते, ताण वाढतो आणि तुटते. दिवसा कोरडं ऊन, रात्री दमट झोत, तार तरी काय करणार. हार्प आतल्या खोलीत हलवली. त्यानंतर ऑगस्टमध्ये एक गेली, बस्स. विक्रेत्यावरचा राग निम्मा मागे घेतो. निम्माच, कारण घेताना हे सांगायला त्याचं काय जात होतं?

आता पुढची कटकट. मुलीच्या नाडरमान या जुन्या हार्पवादकाच्या सोनाटिना (छोट्या रचना) झाल्या, हँडलच्या 1736 सालच्या बी-फ्लॅट पट्टीतल्या कॉन्चेर्तोचा (वाद्यवृंदासोबतच्या रचनेचा) पहिला भाग ती छान वाजवते, तेवढ्यापुरती लिव्हर पुरते. पण तिला हवीय फोरे या फ्रेंच संगीतकाराची 1904 ची रचना 'इम्प्रॉम्प्टू', डी-फ्लॅट पट्टीतली, आणि त्यात सूर सारखे बदलतात. लिव्हरने एकाच तारेचा सूर बदलतो, तोही डावा हात वाजवणं सोडून वर न्यायचा. कॉन्सर्ट हार्पला सात पेडल, एक दाबलं की त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात आणि हात मोकळेच. एरार या फ्रेंच वाद्यनिर्मात्याने 1810 मध्ये दुहेरी चालीची, म्हणजे दोन टप्प्यांत दाबायची, पेडल आणली, त्यामुळे फ्लॅट (उतरलेला), नॅचरल (मूळ), शार्प (चढलेला) तिन्ही सूर पायाखाली. ऐकायला सुंदर. पण 47 तारा, जवळपास चाळीस किलो, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. किंमत लिहीत नाही, पुन्हा आकडा बघायची इच्छा नाही.

तूर्त पाचपैकी चार स्टार, एक कापला तो कुरिअरचा. शिकणाऱ्याला खुशाल घ्या म्हणेन, पण तातीच्या दोन-तीन तारा आधीच मागवून ठेवा.

मुलीने इम्प्रॉम्प्टूचं पहिलं पान छापून कूलरच्या जाळीवर चिकटवलंय. मार्चमध्ये कूलर लावायला गेलो की आधी ते काढावं लागणार.