हवेचा कयाक की प्लास्टिकचा?

नांदेडचा भाचा गोदावरीत गळ टाकायला कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, घेतोय. हवेचा की कडक प्लास्टिकचा, यावर अडलाय.

ने-आण करायला हवेचा सोपा, घडी करून दुचाकीवरही जातो. प्लास्टिकचा साधारण 25-30 किलोंचा, गाडीला कॅरिअर लागतं.

खरा प्रश्न टिकण्याचा. आपल्या काठांवर वेड्या बाभळी. वाळलेला काटा चपलेतून आरपार जातो, तिथे हवेच्या कप्प्याचं काय? त्यात एप्रिलच्या उन्हात आतली हवा फुगते, थोडी सोडावीच लागते. प्लास्टिकला काट्याची भीती नाही, रॉडचे होल्डरही पक्के बसतात. मरळ ओढायला लागली की ते कळतं.

लाइफ जॅकेटमध्ये मात्र काटकसर नकोच.

गाडी आणि ठेवायला जागा असेल तर प्लास्टिकचाच घे. फ्लॅटमध्ये राहून सुट्टीपुरतं जायचं तर हवेचा, सोबत पंप आणि पंक्चरचं सामान. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की दोन्ही घरीच.