जुन्या केबिन बोटीत नवा एसी: एका सीझनच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्यानंतर बोट पाण्यात उतरवण्याआधी आम्ही जुना एसी काढून नवा बसवून घेतला. आता पावसाळ्यासाठी बोट पुन्हा वर काढली आहे. मधल्या काळात एसी भरपूर चालवला, त्यात एप्रिल-मेचा उकाडाही निघाला. ज्यांच्याकडे वीसेक वर्षं जुनी बोट आहे आणि जे याच विचारात आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

बोट ३२ फुटी, २००२ची, अमेरिकन बांधणीची. खाली एक केबिन, छोटं किचन आणि बाथरूम. मुंबईत गेटवेसमोर मुरिंगला, म्हणजे पाण्यातच बोयाला बांधलेली असते, त्यामुळे किनाऱ्यावरची वीज मिळत नाही. सगळा भार ४ केव्हीएच्या डिझेल जनरेटरवर. जुन्या एसीवर २३० व्होल्ट, ६० हर्ट्झ अशी पाटी होती आणि आमच्या जनरेटरची वीज ५० हर्ट्झची. अशा वेळी मोटर तिच्या मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगानेच फिरते, थंडावा कमी देते आणि स्वतः जास्त तापते. बाहेरून आलेली जुनी बोट घेतली असेल तर आधी ही पाटी वाचा. त्यातला गॅसही आर-२२, जो ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार हळूहळू बंद होत चाललाय. दर सीझनला गॅस भरत बसण्यात अर्थ उरला नव्हता, आणि जुन्या मशीनमध्ये आर-४१०ए हा नवा गॅस भरता येत नाही, त्याचा दाब फार जास्त असतो.

'घरचा स्प्लिट लावून टाका, स्वस्तात होईल' असा सल्ला दोघा-तिघांनी दिला. मला तो पटला नाही. बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाऱ्या हवेत टिकत नाहीत आणि लाटांच्या दणक्यांसाठी ते युनिट बनवलेलंच नसतं. समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा खास बोटीचा एसी महाग पडतो, पण त्याची कॉइल तांबं-निकेलच्या मिश्रधातूची असते आणि सगळं मशीन बंकखालच्या, म्हणजे झोपायच्या फळीखालच्या जागेत मावतं. आम्ही १६,००० बीटीयूचा घेतला, म्हणजे साधारण सव्वा टन. क्षमता जुन्याइतकीच, फक्त इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, म्हणजे गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारा.

इन्व्हर्टरचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल झाले असं मी म्हणेन. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. पूर्वी त्या क्षणी जनरेटर कण्हायचा, दिवे मंदावायचे, आणि चहाची किटली चालू असेल तर ब्रेकर पडायचा. नवा हळूहळू वेग घेतो. एसी चालू असताना फ्रीज आणि चार्जरही निर्धास्त चालतात.

पण माझं ठाम मत सांगतो: बोटीच्या एसीत मशीनपेक्षा त्याला थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याची वाट महत्त्वाची. आमचा निम्म्याहून जास्त खर्च मशीनवर नव्हे, बाकीच्या कामावर झाला आणि तो योग्यच होता. एसीचा पंप स्वतःहून पाणी वर खेचणारा नसतो, म्हणून तो पाण्याच्या पातळीखालीच बसवावा लागतो. तळाच्या सी-कॉकपासून (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपेपासून) गाळणी, गाळणीपासून पंप, पंपापासून मशीन असा पाइप सलग चढता हवा. मध्ये कुठे कमान झाली की तिथे हवा अडकते आणि पाणी थांबतं. आमचा जुना पाइप पाण्याच्या टाकीला वळसा घालून वर जाऊन पुन्हा खाली उतरायचा. तो सगळा काढला, सी-कॉक नवा घातला आणि गाळणी आधीपेक्षा बरीच मोठी घेतली.

मुंबईच्या बंदरात मोठी गाळणी हवीच. ओहोटीला पाणी नुसतं गढूळ असतं. जाळी उघडली की तळाशी बोटभर मऊ काळा गाळ, शेवाळाचे धागे, कधी कोळंबीची पिल्लं. एका दुपारी मांडव्याला नांगर टाकून जेवत होतो. एसीतून फिरून बोटीच्या कुशीतून बाहेर पडणारी पाण्याची अंगठ्याएवढी धार बघता बघता सुतळीएवढी झाली आणि गॅसचा दाब वाढल्याची सूचना दाखवून एसी बंद पडला. जाळी तर स्वच्छ होती. आमची बोट चालवणाऱ्या तांडेलाने पंप बंद केला, जरा थांबला, तशी पाणी आत घेणाऱ्या तळाच्या तोंडाला चिकटलेली वेफर्सची पिशवी सुटून वर तरंगली. पुन्हा चालू केल्यावर धार पूर्ववत. म्हणून एसी चालू असताना ती धार अधूनमधून बघायची सवय लावून घ्या. शिवाय त्या तोंडाशी बार्नेकल्स (चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव) भराभर धरतात, तळ साफ करणाऱ्या पाणबुड्याला ते आवर्जून दाखवा.

हवेकडेही तेवढंच लक्ष दिलं. परतीच्या हवेची जाळी, म्हणजे जिथून एसी केबिनची हवा ओढतो ती, लाइफजॅकेटच्या कपाटात दडलेली होती. ती बंद करून सीटखाली मोठी जाळी कापली, आणि थंड हवेचा डक्ट (नळ) ७ इंची टाकला. मे महिन्यात समुद्राचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं, तरी भर दुपारी केबिन २५ वर येते. मात्र छतातल्या काचेच्या हॅचवर (उघडझाप होणाऱ्या झडपेवर) बाहेरून कॅनव्हासचं झाकण हवं. ते काढलं की तासाभरात फरक कळतो. गाद्यांचा कुबट वास पार गेला. आई पूर्वी दुपारभर वर सावलीत बसून राहायची, आता जेवण झालं की खाली जाऊन मस्त झोपते. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

एका बाबतीत मात्र कुणीही काटकसर करू नये. मशीन ज्या जागेत असतं तिथली हवा इंजिनच्या जागेतून येता कामा नये, नाहीतर धूर थेट केबिनमध्ये ओढला जातो. मधल्या फळीतली वायरींची भोकंसुद्धा आम्ही बुजवली, आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. या वायूला वास नसतो. जनरेटर चालू ठेवून रात्री झोपणार असाल तर तो अलार्म असायलाच हवा.

तक्रारी किरकोळ आहेत. पॅनेलचा निळा दिवा रात्री डोळ्यांवर येतो. पंपाचा सुटा भाग मागवला तर यायला आठवडे लागतात, म्हणून एक पंप आणूनच ठेवलाय. आणि कमी वेगावर मशीन जी बारीक घरघर करतं ती बंकच्या फळीतून कानाला जाणवते. रबराचे जाड पाय लावून पाहिले, बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

बोट वर काढल्यावर गोड्या पाण्याने कॉइल धुतली, मग क्षार काढणारं द्रव्य बादलीतून फिरवलं. सुरुवातीला पाणी पिवळट आलं, नंतर स्वच्छ. सी-कॉक मोकळा करून ग्रीस लावलंय. ऑक्टोबरात उतरवण्याआधी पंपाच्या बाजूला दुसरी गाळणी जोडणार आहे. एक साफ करताना दुसरीतून पाणी चालू राहील, म्हणजे एसी बंद करावा लागणार नाही.