नैरोबी ते मोम्बासा: विमान की रेल्वे?

केनियाची राजधानी नैरोबी ते किनाऱ्यावरचं मोम्बासा हे अंतर शोधलं की 440 किलोमीटर असा आकडा येतो. ती एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची सरळ रेघ. विमानतळ ते विमानतळ अंतर 422च्या आसपास भरतं, रेल्वेमार्ग 472, आणि रस्ता 480च्या वर. तिकीट काढताना यातला एकही आकडा फारसा कामाचा नाही. दारातून निघाल्यापासून हॉटेलात बॅग टेकेपर्यंत किती तास जातात, ते मोजा.

विमान वेळापत्रकात साधारण तासाभराचं दिसतं. त्यातलं हवेत पाऊणच तास, बाकी वेळ धावपट्टीवर जातो. शहरातून जोमो केन्याटा विमानतळ गाठायला तास, चेक-इनला दीड तास आणि उतरल्यावर चांगामवे उपनगराकडून बंदराच्या कंटेनर ट्रकांमधून वाट काढत मोम्बासा शहर ज्यावर आहे त्या बेटावर जायला आणखी पाऊण तास धरा. एकूण सव्वाचार तास. मुंबईहून येऊन तिथूनच पुढे जाणाऱ्याला शहरात शिरावंच लागत नाही, त्याच्यासाठी विमानच बरं.

मादाराका एक्सप्रेस ही या मार्गावरची रेल्वे 2017 पासून धावते. गाडीत पाच-सहा तास, दारापासून दारापर्यंत आठ. दोन्ही टर्मिनस गावाबाहेर आहेत: इकडे स्योकिमाऊ, तिकडे मिरितिनी. एक्सप्रेस गाठायची तर तासभर आधी पोहोचायलाच हवं. आत शिरण्याआधी सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर ओळीने ठेवायला लावतात, माणसं बाजूला उभी राहतात आणि श्वान एकेक बॅग हुंगत जातो. मग स्कॅनर, मग पासपोर्ट. ऐनवेळी पोहोचणारे इथेच अडकतात.

जानेवारी 2024 पासून इकॉनॉमीचं भाडं 1500 शिलिंग आहे, फर्स्ट क्लासचं 4500. इकॉनॉमीत थ्री बाय टू, समोरासमोर आणि न वळणाऱ्या सीट. उंच माणसाचे गुडघे समोरच्याला लागतात. तिप्पट पैसे देण्याजोगा फरक फर्स्टमध्ये आहे का? एकट्याला नाही, आई-वडील सोबत असतील तर आहे. ऑनलाइन बुकिंगचे पैसे सहसा एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायच्या केनियन सेवेने, भरायचे असतात. केनियन सिम नसेल तर हॉटेलवाल्याला सांगा, किंवा खिडकीवर जा. डिसेंबरात आणि ईस्टरला खिडकीच्या भरवशावर राहू नका.

सकाळी 8 ची गाडी मधली स्टेशनं घेत जाते, दुपारी 3 ची एक्सप्रेस आहे. 3 च्या गाडीला त्सावो राष्ट्रीय उद्यान साधारण मावळतीच्या आधी लागतं, म्हणजे तांबड्या मातीने माखलेले हत्ती दिसायची आशा धरता येते. रात्री 10 ची गाडी पहाटे भलत्या वेळी उतरवते. मोम्बासाकडे जाताना उजवी बाजू घ्या: हवा स्वच्छ असेल तर किलीमांजारो त्याच बाजूला दिसतो, गाडीतूनही आणि विमानातूनही.

बसही आहे. पण महामार्ग बहुतांशी दुपदरी, पुढे ट्रकांची रांग, आणि आठ तासांचे दहा कधी होतात कळत नाही.

मुक्काम मोम्बासाच्या दक्षिणेला डियानीच्या किनाऱ्यावर असेल तर हिशेबच बदलतो. डियानीला लागूनच उकुंडाची धावपट्टी आहे, तिथे थेट उतरा. नैरोबीच्या विल्सन या दुसऱ्या, लहान विमानतळावरून सुटणाऱ्या छोट्या विमानांत मात्र सामानाची मर्यादा कमी असते, बऱ्याचदा 15 किलो. ट्रेनने गेलात तर टॅक्सीवाल्याला डोंगो कुंडू बायपासने न्यायला सांगा, म्हणजे लिकोनीच्या फेरीबोटीची रांग टळते.

परतताना त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचं असेल, तर मोम्बासा–नैरोबी–मुंबई एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही.