नाकात घालायचा डायलेटर: नवऱ्याला लागू पडला, सासऱ्यांना नाही

घोरणं कमी करायला नाकात घालायचं सिलिकॉनचं जे छोटं साधन मिळतं, नेझल डायलेटर, ते आमच्या घरात दोघांनी वापरून पाहिलं. माझ्या नवऱ्याला ते लागू पडलं आणि तो आजही वापरतो. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि तो का झाला नाही हे कळलं म्हणून त्यांचा खरा आजार सापडला. घ्यायच्या विचारात असाल तर दोन्ही हकिगती वाचा. दुसरी तर वाचाच.

आधी नवऱ्याचं नाक. शाळेत असताना विटी थेट नाकावर बसली, तेव्हापासून मधला पडदा डावीकडे झुकलेला आहे. डावी नाकपुडी जवळजवळ नावालाच. आम्ही राहतो वारज्यात, तो जातो चाकणच्या कारखान्यात, म्हणजे रोजचा हायवेचा धूर आणि धूळ आलीच. थंडीत रात्री खिडकी लावली की नाक आणखी चोंदतं, तोंड उघडं पडतं आणि घोरणं सुरू. सकाळी उठल्यावर घसा कोरडा, डोकं जड. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडद्याचं ऑपरेशन सुचवलेलं आहे, पण रजेचं गणित जमेपर्यंत काहीतरी हवं होतं.

पहिल्यांदा नाकावर बाहेरून चिकटवायच्या पट्ट्या आणल्या. कर्वे रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये सहज मिळाल्या. क्रिकेटपटूंच्या आणि फुटबॉलपटूंच्या नाकावर दिसतात त्याच. अमेरिकेत अशा पट्टीला १९९३ साली मान्यता मिळाली, म्हणजे कल्पना काही नवी नाही. पट्टीत स्प्रिंगसारखी लवचीक काडी असते, ती सरळ व्हायला बघते आणि नाकाची बाजू बाहेर ओढून धरते. थंडीत पट्टीने बरं काम केलं. एप्रिल-मेमध्ये मात्र नाक तेलकट, वरून घाम, त्यामुळे पहाटेपर्यंत पट्टी उशीवर. शिवाय रोज एक फेकायची, आणि काढताना त्याच्या नाकावरची कातडी लाल व्हायची. चेहरा कोरडा राहत असेल, कातडी नाजूक नसेल, तर पट्टी वाईट नाही. आमच्याकडे ती टिकली नाही.

मग हा डायलेटर ऑनलाइन मागवला. दोन मऊ पोकळ नळकांडी आणि त्यांना जोडणारा पातळ पूल, एवढीच वस्तू. नळकांडी नाकपुड्यांत जातात, पूल बाहेर नाकाच्या शेंड्याखाली राहतो. डबीत चार मापं येतात. एकच माल वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून विकला जातो, तेव्हा नावापेक्षा सिलिकॉन किती मऊ आहे आणि कडा गुळगुळीत आहेत का, ते बघा. आमच्या संचातल्या सगळ्यात मोठ्या मापाच्या एका नळकांड्याला साच्याची बारीक धार राहिली होती. बोट फिरवलं की लगेच कळते. तसलं नाकात घालू नये, आतली त्वचा फार नाजूक असते, रक्त येतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून ही वस्तू काम कशी करते हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. आपण श्वास घेतो त्या सगळ्या वाटेत सर्वांत अरुंद जागा नाकाच्या तोंडापासून साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर आत असते. नाकात हवेला जो अडथळा होतो त्यातला मोठा वाटा या एका चिंचोळ्या जागेचा. तिची बाहेरची भिंत हाडाची नाही, मऊ कूर्चेची आहे. जोरात श्वास ओढला की आतला दाब कमी होतो आणि ती भिंत आत खेचली जाते. आरशासमोर उभं राहून जोरात श्वास ओढा, नाकपुडी आत चिकटताना दिसेल. आता नळीचा नियम बघा: सरळ, संथ प्रवाहात वाहणारं प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं. त्रिज्या फक्त १० टक्के वाढली तरी तेवढ्याच दाबात जवळपास दीडपट हवा जाते. नाक काही सरळ नळी नाही आणि त्यातली हवा संथही नसते, त्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. पण एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने माणसाला एवढं मोकळं का वाटतं, ते यातून नीट कळतं.

यावरूनच एक फुकटची चाचणी करता येते. डॉक्टरही ती करतात. नाकाच्या शेजारी गालावर दोन बोटं ठेवा आणि गाल हलकेच कानाकडे ओढा. आता नाकाने श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं, तर अडचण त्या चिंचोळ्या जागेत आहे आणि डायलेटरचा किंवा पट्टीचा उपयोग होण्याची बरीच शक्यता आहे. काहीच फरक वाटला नाही, तर पैसे खर्च करण्याआधी डॉक्टरांना नाक दाखवा. नवऱ्याने गाल ओढून श्वास घेतला आणि म्हणाला, "अगं, डावीकडूनही हवा येतेय!" मी लगेच ऑर्डर दिली.

सुरुवातीच्या रात्री त्याला नाकात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, शिंका यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. झोपेत त्याने ते काढूनही टाकलं. आम्ही त्यावर उपाय केला तो असा: संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास घालून बसायचं. जागेपणी सवय झाली की झोपेत हात जात नाही. माप निवडताना सगळ्यात लहानापासून सुरू करा. फार लहान असेल तर ते रात्री गळून पडतं, फार मोठं असेल तर मधल्या पडद्यावर दाब येऊन सकाळी दुखतं. डोकं हलवल्यावर पडत नाही आणि घातल्याचं पाच मिनिटांत विसरायला होतं, ते आपलं माप.

घोरणं थांबलं का? पूर्ण नाही. पण पूर्वी दार लावून हॉलमध्ये झोपलं तरी ऐकू यायचं, आता त्याच्या शेजारी झोपून मला झोप लागते. त्याचं तोंड मिटलेलं राहतं, हा सगळ्यात मोठा फरक. उताणा झोपला की अजूनही घोरतो, कुशीवर वळवलं की शांत. घोरण्याचा आवाज मुळात नाकातून येतच नाही. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचा मागचा भाग असं जे सैल पडतं ते हवेने थरथरतं आणि आवाज होतो. नाक चोंदलं असलं की श्वास जोर लावून ओढावा लागतो किंवा तोंडाने घ्यावा लागतो, आणि मग ती थरथर वाढते. डायलेटर नाक उघडतो, घशाला हातसुद्धा लावत नाही. म्हणून ज्याचं घोरणं नाकापासून सुरू होतं त्यालाच तो उपयोगी.

पावसाळा संपता संपता त्याची मर्यादा आणखी स्पष्ट दिसते. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर काँग्रेस गवत कमरेएवढं वाढतं. हे तण भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५० च्या दशकात, आपल्या पुण्यातच, आणि इतक्या वर्षांनी अजून ते आपल्या नाकांना छळतं आहे. त्याचा फुलोरा आला की नवऱ्याची सर्दी सुरू. त्या दिवसांत नाकाच्या आतलं अस्तर पार मागेपर्यंत सुजलेलं असतं आणि डायलेटर तर पुढच्या सेंटीमीटरभर जागेतच बसलेला. तेव्हा त्याचा भरवसा नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्प्रे, हेच कामाला येतं. दुकानातून आणलेले दोन मिनिटांत नाक मोकळं करणारे थेंब मात्र रोज घालत राहू नका. काही दिवसांपेक्षा जास्त वापरले की त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं.

डायलेटरच्याच शेजारी विकायला ठेवलेली आणखी एक वस्तू असते, तिच्याबद्दल मनापासून सावध करते. इंग्रजी सी अक्षराची सिलिकॉनची रिंग, दोन्ही टोकांना लोहचुंबक, "घोरणं कायमचं बंद". ही रिंग मधल्या पडद्याला दोन्हीकडून चिमटा घेते. बाहेरची भिंत उचलतच नाही, मग वाट रुंद होणार कशी? चुंबकाने श्वासमार्ग उघडत नाही. तसंच प्लॅस्टिकच्या जाळीदार नळ्यांना "एअर प्युरिफायर" म्हणून विकतात. त्या मोठाल्या भोकांतून पुण्याची धूळ आरामात आत जाते.

आता आप्पांबद्दल.

आप्पा सत्तरीच्या पुढचे. घोरणं जुनंच, आणि मुलाला फरक पडलेला बघून त्यांनाही उत्साह आला. त्यांच्यासाठी वेगळा संच मागवला. गालाच्या चाचणीत त्यांना फरक जाणवला नव्हता, पण म्हणाले, "बघू तर खरं." त्यांनी तो नेटाने वापरला, कुरकुर केली नाही. घोरण्यात काही फरक नाही. मी आईंना विचारलं, रात्री नेमकं काय होतं? आई म्हणाल्या, "घोरतात, त्याचं काही नाही गं. मध्येच एकदम गप्प होतात, त्याची भीती वाटते. मी छातीवर हात ठेवून बघते. हलवलं की मोठा घुसमटल्यासारखा श्वास घेतात आणि परत सुरू."

आई कित्येक वर्षं अशी अर्धी झोप घेत होत्या. आप्पा दिवसा पेपर वाचता वाचता पेंगायचे, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेऊनही दाब आटोक्यात येत नव्हता. आणि ते स्कूटरवरून मंडईला जात होते.

झोपेत श्वास किमान दहा सेकंद थांबतो त्याला ॲप्निया म्हणतात. घसाच मिटतो, छाती जोर लावत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. तासाला असे पाचपर्यंत अडथळे असतील तर ठीक, १५ च्या वर गेले तर मध्यम, ३० च्या वर तीव्र. आप्पांची स्लीप स्टडी घरीच झाली: बोटाला एक चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी. निकाल तीव्र गटातला आला. नाकातल्या सिलिकॉनने हे बरं होत नाही. उलट कधीकधी आवाज थोडा कमी होतो आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक झालं, हे जास्त घातक.

आप्पांना आता सीपॅप मशीन आहे. मास्कमधून दाबाने हवा येते आणि घसा मिटू देत नाही. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी ही पद्धत जगासमोर आणली. मास्कची सवय व्हायला आप्पांना डायलेटरपेक्षा खूप जास्त वेळ लागला, नाकावर वळ उठायचे, मास्क बदलून घ्यावा लागला. पण ते दुपारी पेंगत नाहीत आणि आई रात्री झोपतात. या दोन गोष्टींसाठी मी कितीही खर्च केला असता.

म्हणून घरात कोणी घोरत असेल तर खरेदीआधी शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा: मध्ये श्वास थांबतो का? घुसमटून जाग येते का? दिवसा झोप येते का? यातल्या एकालाही हो असेल तर डायलेटर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

बाकी, फक्त नाकाचीच तक्रार असेल तर सिलिकॉनचा डायलेटर दोन-तीनशे रुपयांत मिळणारी चांगली वस्तू आहे, मी ती बिनदिक्कत सुचवेन. रोज सकाळी कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडा करून डबीत ठेवा. आमच्या डबीला भोकं नव्हती, आत दमट वास यायला लागला, म्हणून मी तापवलेल्या सुईने दोन भोकं पाडली. सिलिकॉन चिकट झालं किंवा पिवळं पडलं की फेकून नवीन घ्या. नाकातून रक्त येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर वापरू नका. दुसऱ्याचा डायलेटर वापरायचा नाही, नवरा-बायकोनेही नाही. लहान मूल घरात असेल तर डबी उंचावर ठेवा, घशात अडकेल एवढीच ती वस्तू असते. आणि डबी उघडली की परत घेत नाहीत, तेव्हा गाल ओढून बघायची चाचणी ऑर्डर देण्याआधी करा.